शेतावर थार, जिप्सी आणि एटीव्ही: अपघात झाला तर जमीनमालक किती अडकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला जोरदार पाऊस झाला की शनिवार-रविवारी कल्याण-मुरबाड रस्त्यावर थार, जिम्नी, जुन्या जिप्सी आणि जाड नक्षीच्या टायरच्या बाइक दिसू लागतात. त्यातल्या काही घाटाकडे जातात, काही धरणाकडे, आणि बऱ्याच कुणाच्या तरी शेतावर. ते शेत बहुतेक वेळा ठाण्यात, डोंबिवलीत किंवा नेरूळला राहणाऱ्या माणसाचं असतं. मुरबाड, शहापूर, बदलापूर, कर्जत किंवा पनवेलकडे वडिलोपार्जित तुकडा, नाहीतर निवृत्तीच्या पैशातून घेतलेले दोन एकर. भाच्याचा मित्र फोन करतो, "काका, रविवारी आठ-दहा गाड्या घेऊन येऊ का?" आणि काका मोठ्या मनाने हो म्हणतात. त्या होकाराचा कायद्यात काय अर्थ होतो, हे ठाणे कोर्टाच्या आवारात मला वारंवार विचारलं जातं, पण बहुतेक वेळा अपघात झाल्यानंतर. ते आधी विचारलं जावं म्हणून हे लिहिलं आहे. तुमचा सातबारा आणि कागद समोर नसताना कुठलाही वकील नेमका सल्ला देऊ शकत नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

जमीन माझी असली तरी गाडी त्यांची आणि चालवणारेही तेच. मग माझा काय संबंध?

गाडी चालवणाऱ्याच्या चुकीची जबाबदारी मुळात त्याचीच. उतारावर वेग आवरला नाही म्हणून जीप उलटली तर केवळ जमीन तुमची म्हणून भरपाई तुमच्यावर येत नाही. तुमचा संबंध येतो तो जमिनीच्या अवस्थेमुळे आणि तुम्ही स्वतः काय केलं किंवा काय करायचं टाळलं त्यामुळे.

आपल्याकडे जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीवर स्वतंत्र कायदा नाही. नुकसानभरपाईचे दावे निष्काळजीपणाच्या जुन्या तत्त्वांवर, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत आलेल्या नियमांवर चालतात. तिथे तीन गोष्टी तपासल्या जातात. जागेवर ताबा कोणाचा होता, धोका कोणाला माहीत होता, आणि आलेला माणूस कोणत्या नात्याने आला होता. बोलावलेला किंवा पैसे देऊन आलेला पाहुणा, नुसत्या परवानगीने आलेला, आणि न विचारता घुसलेला, या तिघांबाबतची काळजी उतरत्या क्रमाने कमी होते, पण शून्यावर कधीच येत नाही.

फौजदारी बाजू वेगळी. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ लागू शकतं. आरोपी म्हणून पहिलं नाव चालकाचं किंवा आयोजकाचं येईल, पण उघडी विहीर माहीत असून गप्प बसलेल्या मालकालाही पोलीस जबाबाला बोलावतात, आणि ते चुकीचं नाही.

अमेरिकेत जमीनमालकाला यातून सूट असते असं ऐकलं. आपल्याकडे?

नाही. तिथल्या बहुतेक राज्यांत असा कायदा आहे की मालकाने करमणुकीसाठी जमीन फुकट वापरू दिली तर साध्या निष्काळजीपणाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. पैसे घेतले की हे संरक्षण साधारणपणे जातं. महाराष्ट्रात असं काहीही नाही. इंटरनेटवरून उतरवलेले तिकडचे फॉर्म इथे भरून घेणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

मी पैसे घेत नाही, फक्त गाडीमागे पाचशे रुपये आणि जेवणाचे घेतो. चालेल ना?

हे पैसे घेणंच झालं. तुम्ही त्याला प्रवेश फी म्हणा, राखणदाराचा खर्च म्हणा किंवा पिठलं-भाकरीचे पैसे म्हणा. मोबदला घेऊन सोय पुरवली की समोरचा ग्राहक ठरू शकतो आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. सेवेत त्रुटी होती म्हणून तो दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो, तेही स्वतः राहतो त्या जिल्ह्यात. पाहुणा पुण्याचा असेल तर तुम्हाला पुण्याला तारखांना जावं लागेल.

हल्ली पुरावाही आपोआप तयार होतो. यूपीआयवर आलेले पैसे, त्याखाली लिहिलेलं 'ऑफरोड एन्ट्री', आणि ग्रुपवर फिरलेलं ठिकाण, वेळ आणि दर यांचं पोस्टर. एका पक्षकाराच्या बाबतीत त्यांचा होकार सिद्ध करायला समोरच्या वकिलांना एवढंच पुरलं होतं. "मी तर मदत म्हणून जागा दिली" हे त्यांचं म्हणणं मनापासून खरं होतं, पण कागद दुसरंच सांगत होते.

नियमित पैसे घेऊन हे करायचं असेल तर सरळ व्यवसाय म्हणून करा. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्याखाली आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आणि सुरक्षेच्या सूचना पाळायच्या असतात. आयोजक दुसरा असेल तर त्याच्या नोंदणीची प्रत मागा. "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर तारीख पुढे ढकला.

जमिनीवर कोणते धोके आहेत ते मी सांगायलाच हवं का?

हो. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. गाडी उलटण्याचा धोका येणाऱ्याला माहीत असतो, तो पत्करूनच तो येतो. तुमच्या जमिनीच्या पोटात काय दडलंय ते त्याला माहीत नसतं. तुम्हाला माहीत असतं, किंवा माहीत असायला हवं होतं, आणि कायदा नेमकं तिथे बोट ठेवतो.

आपल्या भागातल्या विहिरी बघा. भातखाचराच्या कडेला जुनी विहीर, कठडा ढासळलेला किंवा कधी बांधलाच नव्हता. जूननंतर आजूबाजूला गवत आणि घाणेरी इतकी माजते की दहा पावलांवरून काठ दिसत नाही. गावच्या माणसाचे पाय आपोआप तिथून वळतात. हेडलाइटच्या उजेडात नवख्या चालकाला फक्त सपाट हिरवळ दिसते. अशा विहिरीभोवती बांबू रोवून लाल-पांढरी पट्टी बांधायला काही शे रुपये लागतात. सोडून दिलेल्या बोअरवेलचं तोंड पक्कं बंद करायचं हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच घालून दिलं आहे.

दुसरा धोका खदानीचा. पारसिकच्या रांगेत, तुर्भे-शीळ पट्ट्यात आणि कल्याणच्या बाजूला दगड काढून सोडलेले खड्डे आहेत. पावसात ते भरले की तळ्यासारखे दिसतात. कडा उभी आणि तळ खोल, त्यामुळे गाडी घसरली तर चढून यायला जागाच नसते. तुमच्या सर्व्हे नंबरला लागून अशी खदान असेल तर ती तुमच्या मालकीची नसली तरी तिची सूचना द्या, कारण पाहुण्यांना तिथवर आणणारी वाट तुमच्या जमिनीतून जाते.

याखेरीज विजेच्या खांबाचे ताण, झुडपात बुडालेलं काटेरी कुंपण, बाइकवाल्याच्या गळ्याच्या उंचीवर बांधलेली तार, जुन्या पायाचे वर आलेले गज, आणि मधेच वाहणारा ओहोळ. ओहोळाबद्दल आवर्जून सांगतो. सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी डोंगरात पाऊस झाला की तासाभरात बोनेटपर्यंत येतं, आणि तुमच्या शेतात तेव्हा ऊन असू शकतं.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात आयोजकाला घेऊन जमीन पायी फिरा. एका कागदावर हाताने नकाशा काढा, धोक्याच्या जागा लिहा, दोघांनी सही आणि तारीख टाका, फोटो काढा. तो साधा कागद उद्या न्यायालयात छापील फॉर्मच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि त्याने कदाचित अपघातच टळेल.

सगळ्यांकडून 'जबाबदारी माझी' असा फॉर्म भरून घेतला की मी सुटलो का?

पूर्ण सुटत नाही. अशा फॉर्मबद्दल, ज्याला 'वेव्हर' म्हणतात, लोकांना फार मोठी खात्री वाटते, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

गुन्हा सहीने माफ होत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर फिर्याद शासनाची असते, मयताने आधी काय लिहून दिलं त्याने ती थांबत नाही. मयताच्या पत्नीने किंवा आईवडिलांनी तर कशावरच सही केलेली नसते. ते उत्पन्न बुडाल्याची भरपाई मागू शकतात, आणि तिथे 'त्याने लिहून दिलं होतं' हा बचाव तोकडा पडतो. अठरा वर्षांखालच्या मुलाची सही करार कायद्याप्रमाणे निरर्थक आहे. आणि तुमचा स्वतःचा निष्काळजीपणा आगाऊ माफ करून घेणारं कलम करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरू शकतं. ग्राहक आयोग अशा एकतर्फी अटींकडे तसंही कडक नजरेने पाहतात.

मग फॉर्म घ्यायचा कशाला? समोरच्याला धोके सांगितले होते आणि ते त्याला कळले होते, याचा तो पुरावा असतो. म्हणून तो मराठीत हवा, किंवा वाचणाऱ्याला कळेल त्या भाषेत. त्यात विहीर, खदान आणि ओहोळ नावानिशी हवेत. चार पानांच्या इंग्रजी फॉर्मवर गाडीच्या बोनेटवर ठेवून घेतलेल्या सह्यांचं मोल फार नाही.

यापेक्षा मजबूत कागद आयोजकाशी करायचा असतो. करार कायद्याच्या कलम १२४ प्रमाणे आयोजक तुम्हाला हमी देतो की या कार्यक्रमामुळे तुमच्यावर दावा आला तर तुमचं नुकसान तो भरून देईल. दोन साक्षीदार, आयोजकाचं ओळखपत्र, आणि स्टॅम्प पाचशेचा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराचा स्टॅम्प चालत नाही, जुना घरात पडलाय म्हणून वापरू नका. पण हेही ध्यानात ठेवा की देणाऱ्याच्या खिशात पैसे असतील तरच हमीला अर्थ असतो. म्हणून हमीच्या जोडीला विम्याची प्रत मागायची.

गाड्यांचा विमा असतो ना? मग मला काय चिंता?

विमा आहे की नाही, आणि आहे तर कोणता, हे पाहिल्याशिवाय चिंता सोडू नका.

थर्ड पार्टी विमा 'सार्वजनिक ठिकाणी' वापरासाठी सक्तीचा आहे. खाजगी शेत सार्वजनिक ठिकाण कसं, असं विमा कंपनीचा वकील विचारतोच. याबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा १९८८ चा पांडुरंग चिमाजी आगळे प्रकरणातला निकाल आपल्या उपयोगाचा आहे. लोकांना ज्या जागी येता येतं, मग ते हक्काने असो किंवा परवानगीने, ती जागा यासाठी सार्वजनिक धरली गेली. दहा-पंधरा गाड्या बोलावलेलं शेत यात बसवता येतं. या निकालाची दुसरी बाजूही आहे. जागा सार्वजनिक ठरली की लायसन्स, वयाची अट आणि शर्यतीवरची बंदी हेही नियम तिथे लागू होतात.

आता अडचणी. खाजगी गाडीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि भाड्याने वापर वगळलेला असतो. पांढऱ्या नंबरप्लेटच्या थारमध्ये सीटमागे पैसे घेऊन 'जॉय राइड' दिली तर पॉलिसीची अट तिथेच मोडली. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर त्या गाडीत फुकट बसलेल्या मित्राला संरक्षण मिळेलच असं नाही, त्यासाठी पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचंही नुकसान भरणारी, हवी. गाडीमालक स्वतः चालवत असेल तर त्याचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का, तेही बघा.

एटीव्हीचा, म्हणजे हँडलने चालवायच्या चार जाड चाकांच्या उघड्या गाडीचा, प्रश्न आणखी अवघड आहे. बहुतेक एटीव्ही रस्त्यासाठी नोंदलेल्या नसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ मध्ये 'सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' नोंदणीशिवाय वाहन चालवू नये असं म्हटलंय, म्हणजे फक्त खाजगी जागेचं कारण पुरत नाही. केवळ बंदिस्त आवारासाठी बनवलेल्या खास वाहनांना व्याख्येतून वगळलंय आणि एटीव्ही त्यात बसते की नाही यावर वाद घालता येतो. पण तो वाद घालायची वेळ येते तेव्हा कुणीतरी आधीच जखमी झालेलं असतं. एटीव्ही तुमच्या मालकीच्या असतील तर तुम्ही जमीनमालक आणि वाहनमालक अशा दोन्ही नात्यांनी उभे राहता.

जमीनमालकासाठी सार्वजनिक दायित्व विमा मिळतो, एका दिवसाच्या कार्यक्रमासाठीही. एजंटला 'वाहनांचा मैदानी कार्यक्रम' असं स्पष्ट लेखी कळवून घ्या. 'फार्महाऊसवर गेट-टुगेदर' म्हणून काढलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

न विचारता घुसणाऱ्यांचं काय? त्यांची जबाबदारीही माझीच?

घुसखोराबाबत तुमचं कर्तव्य कमी आहे, पण त्याला इजा होईल असा सापळा लावता येत नाही. इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा बिहारमधल्या चेरुबिन ग्रेगरी प्रकरणातला निकाल प्रत्येक शेतमालकाने ऐकावा. शेजाऱ्यांनी आपलं शौचालय वापरू नये म्हणून एका माणसाने वाटेवर उघडी जिवंत वीजतार लावली. शेजारच्या घरातल्या बाईंचा तिला हात लागला आणि त्या गेल्या. 'ती घुसखोर होती' हा बचाव न्यायालयाने मानला नाही, शिक्षा कायम ठेवली.

आपल्याकडे रानडुकरांसाठी लोक कुंपणात करंट सोडतात. बाइकवाल्यांना अडवायला वाटेवर चर खणून वर फांद्या टाकतात, खिळ्यांच्या फळ्या पुरतात. पिकाची नासाडी झाल्यावर येणारा संताप मला कळतो. पण हे करू नका. याने माणूस मरतो आणि तुम्ही आरोपी होता.

वाट लांबून दिसेल असं लोखंडी गेट किंवा मोठे दगड ठेवा, परावर्तक पट्टी लावा, मराठी आणि हिंदीत पाटी लावा, फोटो काढून ठेवा. तरी आले तर गाडीचा नंबर टिपून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. मुरबाड, शहापूर ठाणे ग्रामीण पोलिसांकडे येतात. भारतीय न्याय संहितेत फौजदारी अतिक्रमणाचं कलम ३२९ आहे, पण त्यासाठी त्रास देण्याचा किंवा गुन्ह्याचा हेतू दाखवावा लागतो. मज्जाव केल्यावरही परत आले तर तो दाखवणं सोपं जातं, म्हणून पहिला मज्जाव लेखी असावा. उलट, दर रविवारी लोक येतात हे माहीत असून तुम्ही वर्षभर काहीच बोलला नाहीत, तर पुढे ती मूक परवानगी मानली जाऊ शकते.

पाणंद रस्ता, शिवरस्ता किंवा वहिवाटीची वाट मात्र बंद करू नका. शेजाऱ्याने मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज केला तर अडथळा तुम्हालाच काढावा लागेल.

राखणदाराने मला न सांगता गाड्या सोडल्या. तरी मी?

शक्यता आहे. तो तुमचा नोकर आहे, गेटची चावी तुम्ही दिली आहे आणि कुणाला आत घ्यायचं हे त्याचं कामच आहे. त्या कामाच्या ओघात त्याने केलेल्या गोष्टीची दिवाणी जबाबदारी मालकावर येऊ शकते. त्याला महिन्याला किती देता याचाही विचार करा. बाइकमागे मिळणारे दोनशे रुपये त्याला मोठे वाटत असतील तर दोष एकट्या त्याचा नाही. त्याला स्पष्ट सूचना द्या, शक्यतो लिहून आणि त्याच्यासमोर वाचून. शहरातून आलेल्या वीस जणांना अडवण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका. 'मालकाशी बोला' एवढंच त्याने म्हणावं आणि तुमचा फोन लागावा.

मुलं चालवतात. शेतातच तर आहे, रस्त्यावर थोडीच?

लायसन्स आणि वयाच्या अटी सार्वजनिक ठिकाणासाठी आहेत हे खरं. पण वर सांगितलंच, लोक बोलावलेलं शेत सार्वजनिक ठरू शकतं. तसं झालं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालक आणि गाडीमालक दोघेही अडकतात. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. कायदा बाजूला ठेवला तरी एटीव्ही उलटते तेव्हा दोन-तीनशे किलो वजन अंगावर येतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते बाजूला ढकलता येत नाही. माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'नाही' असंच असावं.

शर्यत ठेवली तर?

सार्वजनिक ठिकाणी राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यतीला परवानगी देणं हाच मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, भाग घेणं तर आहेच. घड्याळ लावून 'कोण आधी चढतो' हे पाहणंही वेगाची चाचणीच. स्पर्धा घ्यायची असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या परवान्याने घेणाऱ्या आयोजकाशीच बोला.

सातबारा माझ्या नावावर आहे. अजून काय बघायचं?

इतर हक्काचा रकाना बघा. ठाणे जिल्ह्यात 'खाजगी वन' हा शब्द अनेकांच्या सातबाऱ्यावर आहे. महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्याने अशी वनं ३० ऑगस्ट १९७५ पासून शासनाची झाली. नुसत्या जुन्या, न बजावलेल्या नोटिशीवरून जमीन खाजगी वन ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोदरेज प्रकरणात सांगितलं खरं, पण तुमच्या सर्व्हे नंबरची स्थिती वकिलाला कागद दाखवूनच कळेल. तोवर तिथे गाड्या नेऊ नका, वन विभाग गाड्या जप्त करतो.

येऊर आणि घोडबंदरकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं २०१६ चं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. बदलापूर, कर्जत, पनवेलच्या काही भागात २००३ चं माथेरानचं. शहापुरात तानसा अभयारण्याची हद्द अनेक शेतांना लागून आहे, आणि परवानगीशिवाय चाक आत गेलं की वन्यजीव कायदा लागतो.

आदिवासी खातेदाराची जमीन कार्यक्रमासाठी भाड्याने घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. शहापूर-मुरबाडकडे आयोजक हे सर्रास विसरतात आणि नंतरचा त्रास त्या कुटुंबाला होतो. हे थांबायला हवं.

नवी मुंबईत गोष्ट निराळी. इथल्या ९५ गावांच्या जमिनी सिडकोसाठी संपादित झाल्या. 'आमच्या आजोबांची' म्हणून अजून कसली जाणारी जागा कागदावर सिडकोची असू शकते. परवानगी देण्याचा हक्क तुम्हाला नाही, पण ताबा तुमचा दिसतो म्हणून अपघाताची जबाबदारी मात्र येऊ शकते. खाडीकाठच्या खाजणात चिखलाचा ट्रॅक करावा असं अनेकांना सुचतं. कांदळवन आणि त्याभोवतीचे पन्नास मीटर, मालकी कुणाचीही असो, उच्च न्यायालयाच्या आदेशाने संरक्षित आहेत. तिथे एकही गाडी नको.

जेसीबी लावून चढ-उतार आणि चिखलाचे खड्डे करून दिले तर?

तर धोका निसर्गाचा राहिला नाही, तुम्ही बनवलेला झाला. चढ किती उभा असावा, घसरल्यावर गाडी कुठे जाईल, बघे कुठे उभे राहतील, हे सगळं तुमच्यावर येतं. जाणकार माणसाकडून आखून घ्या. शेतजमिनीचा असा कायम वापर बिगरशेतीत मोडतो. मुरूम-माती काढून बाहेर नेली तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. यंत्र मागवण्याआधी तलाठ्याशी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याशी, बोलून घ्या.

बघ्यांबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक आयोजकाला सांगतो. रुतलेली गाडी ओढताना पट्टा किंवा विंचची (गाडीवरच्या ओढयंत्राची) तार तुटली, किंवा शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी) निसटलं, तर लोखंडाचा तो तुकडा गोळीसारखा सुटतो. आपल्याकडे नेमकी तेव्हाच सगळी गर्दी मोबाइल घेऊन तारेशेजारी उभी राहते. तारेच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी नको, तारेवर जाड गोणपाट किंवा ओलं ब्लँकेट टाकायचं, आणि ओढायला बॉल हिच (ट्रेलर जोडायचा गोळा) कधीही वापरायचा नाही. हे आयोजकाच्या करारात लिहून घ्या.

जमीन चार भावंडांची आहे. परवानगी मी एकट्याने दिली.

दावा आला तर नोटीस सातबाऱ्यावरच्या सगळ्यांना जाईल. बहीण बोरिवलीला बसून असेल, तिला काहीच ठाऊक नसेल, तरी तिला वकील द्यावा लागेल. आधी सगळ्यांना विचारा, निदान व्हॉट्सअॅपवर लेखी होकार घ्या.

शेजाऱ्याचा बांध तुटला, धूळ आणि आवाजाची तक्रार आली.

बांधाची भरपाई त्याच दिवशी ठरवून द्या, लावणीच्या दिवसांत बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं आणि त्याचं वर्षाचं भात जातं. आवाज रात्री दहानंतर नाहीच. वारंवार त्रास झाला तर कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव थांबवण्याचा आदेश काढू शकतात. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात जिल्हाधिकारी मनाई आदेशही काढतात, तुमची जागा त्या हद्दीत येते का ते आठवडाभर आधी बघा.

अपघात झालाच तर पहिल्या तासात काय करायचं?

१०८ ला फोन, मग ११२. पाठ किंवा मान दुखतेय म्हणणाऱ्याला ओढून बाहेर काढू नका, गाडी पेटण्याचा किंवा बुडण्याचा धोका असेल तरच. गेट उघडून रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करा, एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करा, कारण शेताचं ठिकाण नकाशावर नीट सापडत नाही. त्याआधीच, परवानगी देताना, जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं आणि रेंज कुठे मिळते हे आयोजकाला दाखवून ठेवलेलं असावं.

मग जागा आहे तशी ठेवा. घाईने विहिरीला पट्टी बांधणं किंवा तार काढून टाकणं हे पुरावा बदलणं ठरतं. फोटो काढा, हजर असलेल्यांची नावं आणि नंबर घ्या, पंचनाम्याला सहकार्य करा. जे पाहिलं तेवढंच सांगा. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा.

गावात बसून 'मिटवून टाकू' असा दबाव दोन्हीकडून येतो. उपचाराला मदत करा, जरूर करा, माणुसकी म्हणून करा, आणि पावतीवर 'उपचारासाठी मदत' असं लिहा. पण मृत्यूचं प्रकरण असं मिटवता येत नाही, कलम १०६ चा गुन्हा तडजोडीत बसत नाही.

एकदा हो म्हटलं, आता मागे घेता येईल का?

येतं. अशी परवानगी सुविधाधिकार कायद्यात 'लायसन्स' मानली जाते आणि साधारणपणे ती कधीही मागे घेता येते. आलेल्यांना सामान आवरून निघायला वाजवी वेळ द्यावा लागतो. पैसे घेतले असतील तर ते परत करा, कारण समोरच्याची चूक नसताना परवानगी काढली तर तो भरपाई मागू शकतो. म्हणून सुरुवातीलाच मेसेजमध्ये लिहा: 'आदल्या रात्री जोरदार पाऊस झाला किंवा ओहोळाला पाणी वाढलं तर सकाळी सहापर्यंत मी कार्यक्रम रद्द करू शकतो, पैसे पूर्ण परत.' आणि त्या सकाळी पाच वाजता राखणदाराला फोन करून ओहोळाला पाणी किती आहे ते विचारा.